झीलकरी

"इथे जरा हळू घे, डेल," प्रताप म्हणाला. "आईला हाक मारतोय तो."

डेलनं बँजोच्या तारांवर तळवा ठेवला आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "कोण? कुणाच्या आईला?"

"गाण्यातला माणूस. स्वतःच्या आईला. ध्रुपदात नाही का येत? माय, ओ माय."

बेसमेंटमध्ये फर्नेस घरघरत होती. वरच्या मजल्यावर वहिनी खोक्यांना टेप लावत होत्या, तो चर्रर आवाज मधूनच खाली येत होता. डेलला आधी वाटलं की प्रताप गंमत करतोय. तो हसला. मग प्रतापचा चेहरा पाहून हसू आवरतं घेत म्हणाला, "बडी, देअर्स नो मदर इन दॅट साँग. त्याची बायको निघून गेलीय. तो कामावरून परत येतो, तर टेकडीवरच्या घरात दिवा नाही. मग तो म्हणतो, माय ओ माय. म्हणजे, आता कसं सांगू तुला, म्हणजे 'गुड लॉर्ड'. 'ओ बॉय'. तसं."

"हो, हो. ऑफ कोर्स," प्रताप घाईघाईनं म्हणाला. "आय वॉज जोकिंग."

"थर्टी-सम इयर्स तू आणि तुझा भाऊ हे गाणं गात होता. मी म्हटलं, हे काय नवीन."

"चल, पुन्हा घेऊ."

त्यांनी पुन्हा घेतलं. डेलनं कडवं म्हटलं. आवाज बरा होता त्याचा, शब्द चोख होते. ध्रुपद आलं आणि प्रतापनं नेहमीसारखी वर झेप घेतली, तर पहिल्याच अक्षराला आवाज चिरकला. दुसऱ्यांदा चिरकला. तिसऱ्यांदा त्यानं तोंडच उघडलं नाही, नुसती मँडोलिन वाजवत राहिला. डेल समजूतदार माणूस. "थंडी पडायला लागली, घसा धरतो," असं म्हणून त्यानं बँजो पेटीत ठेवली. "संडेला दोन वाजता, लीजन हॉल. गरम पाणी पीत राहा." मग तो जिना चढून गेला.

प्रताप चिंचमलातपुरे आणि त्याचा थोरला भाऊ उल्हास यांना कॅनडातल्या विंडसरमध्ये दोन प्रकारचे लोक ओळखत. मराठी मंडळाचे लोक त्यांना 'काउबॉय बंधू' म्हणत, तेही पाठीमागे. माजी सैनिकांच्या लीजन हॉलमधले लोक त्यांना 'द चिंच ब्रदर्स' म्हणत, आणि तेही तोंडावर. चिंचमलातपुरे हे आडनाव उच्चारण्याची ताकद त्या गावात कुणाच्याही जिभेत नव्हती. चिंच म्हणजे इकडे लॉन खाणारा किडा. पहिल्यांदा स्टेजवर असं नाव पुकारलं तेव्हा सगळा हॉल हसला होता. उल्हासनं माइकपाशी जाऊन सांगितलं, "घाबरू नका, आम्ही गाणं संपवून जातो, गवत संपवून नाही." तेव्हापासून हॉल त्याचा झाला. उल्हासला असं जमायचं. प्रताप त्याच्या डाव्या खांद्यामागे मँडोलिन छातीशी धरून उभा असायचा, आणि भावाच्या विनोदाला सगळ्यात शेवटी हसायचा.

दोघांना हा नाद लावला तो टॅगर्ट बंधूंनी. वेन आणि क्लाइड टॅगर्ट, आणि त्यांच्या मागे वाजवणारे लॉरेल फोर्क बॉईज. केंटकीच्या डोंगरातली ही माणसं. तिकडच्या खाणी बंद पडल्या तसे लोक गाड्यांच्या कारखान्यांत कामाला डेट्रॉईटला आले आणि येताना त्यांनी आपलं गाणंही आणलं. ब्लूग्रास म्हणतात त्याला. बँजो, फिडल, गिटार, मँडोलिन, माणसाच्या उंचीचा बास, आणि सगळ्यांत मिळून माइक एकच. ज्याची पाळी येईल त्यानं पुढं सरकायचं, वाजवून झालं की मागं व्हायचं. नदीच्या पलीकडे डेट्रॉईट, अलीकडे विंडसर. रेडिओला पासपोर्ट लागत नाही. दर रविवारी सकाळी हे गाणं नदी ओलांडून चिंचमलातपुऱ्यांच्या स्वयंपाकघरात येई, आणि अरुणावहिनी पोहे परतत असताना दोघे भाऊ डायनिंग टेबलाशी कान टवकारून बसत.

टॅगर्टांची जी खरी भक्त मंडळी होती, ती कुणी फार मोठी नव्हती. निवृत्त फोरमन, एक शाळेची बस चालवणारी बाई, दातांचा एक डॉक्टर, आणि सडबरीहून आख्खा दिवस गाडी हाकत येणारा एक म्हातारा. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी ही मंडळी लीजन हॉलमध्ये जमायची आणि दुपारभर टॅगर्टांचीच गाणी व्हायची. मधे राजम्याची चिली आणि पंपकिन पाय. त्यांचे वाद ऐकण्यासारखे असत. अमक्या रेकॉर्डवर फिडल कुणाचं, यावरून दोन सत्तरीतले गृहस्थ एकमेकांशी वर्षभर बोलत नव्हते. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. बँड कितीही जोरात असो, दोघे भाऊ माइकपाशी आले की मागची वाद्यं आपोआप अदबीनं खाली येत. थोरला वेन कडवं एकटा गायचा, साधं, बोलल्यासारखं. ध्रुपदाला धाकटा क्लाइड त्याच्या वर चढायचा. उंच, पातळ, कापऱ्या आवाजात. दोन आवाज असे चिकटून जायचे की त्यांच्यात सुरी घालायला फट नाही. "सख्ख्या भावांशिवाय हे होत नाही," सडबरीचा म्हातारा दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी चिंच ब्रदर्सकडे बोट दाखवायचा.

उल्हासला हे गाणं पहिल्यांदा ऐकूनच कळलं होतं. "काऊन रे प्रताप," तो पोह्यांचा घास तसाच ठेवून म्हणाला होता, "हे तं आपलंच झालं ना बे! मी भजन उचलायचो, तू झील धरायचा."

अमरावतीजवळच्या त्यांच्या गावात खंजिरी भजन चालायचं. उल्हास पुढं, खंजिरी त्याच्याच हातात. प्रताप मागं. मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागच्यानं ती वरच्या सुरात उचलून धरायची, त्याला दम घ्यायला जागा द्यायची. हे काम करणारा झीलकरी. त्याचं नाव कुणी विचारत नाही, पण तो चुकला तर सगळ्यांना कळतं. प्रताप कधी चुकला नाही. उंच सुराला तो बिचकायचा तेव्हा उल्हास हळूच म्हणायचा, "चढ बिनधास्त. मी आहो ना खाली."

आणि खाली तो कायमच होता. उल्हास अडुसष्टात विंडसरला आला, दोन वर्षांनी त्यानं प्रतापला बोलावलं. स्वतः कामाला होता त्याच, साचे घडवणाऱ्या टूल अँड डायच्या कारखान्यात चिकटवलं. घर घेतलं तेव्हा बेसमेंट त्याच्यासाठी फिनिश करून घेतलं, वेगळी वॉशरूम, वेगळी खिडकी. प्रतापच्या लग्नाचं दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं. मग पुढचं वर्ष म्हणणंही लोकांनी सोडून दिलं. उल्हासच्या मुलीला, ऊर्मीला, शाळेत सोडायला आणि आणायला प्रतापकाका. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला प्रतापकाका. मंडळात कुणी ओळख करून द्यायचं झालं तर "हे उल्हासरावांचे भाऊ," एवढंच. प्रतापला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, निदान त्यानं तसं स्वतःला विचारलं नाही.

बहात्तरच्या मार्चमध्ये गावाहून तार आली. माय गेली. तार हातात पडली तोवर तिचा दहावाही होऊन गेला होता. तेव्हा उठून विमानात बसण्याइतकं ते सोपं नव्हतं, आणि जाऊन बघायचं तरी काय होतं? उल्हास ढसाढसा रडला. अरुणावहिनी, नवी नवरी, त्याही रडल्या. प्रतापला रडूच येईना. तो कामाला गेला, आला, जेवला. आठवडाभर असंच. लोकांना वाटलं, पोरगं दगडाचं आहे.

मग रविवार आला आणि रेडिओवर टॅगर्टांचं ते गाणं लागलं. आधी कधी ऐकलेलं नव्हतं. डोंगराळ मुलखाची ती जीभ, खरखरणारा रेडिओ, शब्द निम्मेच कळत होते. माणूस घरी येतो, टेकडी काळोखी आहे, खिडकीत दिवा नाही, हाक मारली तर ओ येत नाही. आणि ध्रुपदात दोघे भाऊ एकदम वर जाऊन आळवतात, मा, ओ मा. केंटकीचा माणूस इंग्रजी 'माय'ला 'मा' म्हणतो हे यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी ऐकलं ते सरळ ऐकलं. मा, ओ मा. प्रतापच्या हातातला कप टेबलावर कलंडला आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. उल्हासनं उठून त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, रेडिओ संपेपर्यंत.

पुढं त्यांनी ते गाणं बसवलं. 'मा' त्यांच्या तोंडात बसेना. आई म्हणजे माय, तीच आपसूक तोंडात आली. माय, ओ माय. आणि योगायोग बघा, टॅगर्टांनी आपल्या बोलीत वाकवलेला शब्द ह्या दोघांनी चुकून पुन्हा सरळ केला. हॉलमधल्या कॅनेडियन कानांना त्यात काहीच वावगं लागलं नाही. त्यांना ऐकू येत होतं ते बरोबरच होतं. मग चूक दाखवणार कोण आणि कशाला?

म्हणूनच इतकी वर्षं ती टिकली. गेल्या फेब्रुवारीत उल्हास गेला, बर्फावर गाडीची काच खरवडता खरवडता खाली बसला तो उठलाच नाही. आता वहिनी ऊर्मीकडे ब्रॉसार्डला निघाल्या होत्या. घरापुढं 'फॉर सेल'ची पाटी होती, पण गाड्यांचे कारखाने बंद पडत होते आणि त्या वर्षी विंडसरमध्ये प्रत्येक गल्लीत तशा पाट्या होत्या. प्रतापसाठी सीनियर्सच्या इमारतीत एक खोली पाहिली होती. तळघरातून एकदम सातव्या मजल्यावर. लीजन हॉलच्या रविवारी तेवढं ह्या घरातून जायचं, आणि मग किल्ल्या एजंटाकडे द्यायच्या, असं ठरलं होतं. दादाच्या जागी डेल गाईल हेही ठरलं होतं. डेलचा बाप केंटकीतल्या हार्लनच्या खाणीतला, त्याच्याइतकं कोण जवळचं?

डेल गेल्यावर प्रतापनं मँडोलिन मांडीवरून खाली ठेवली. मग वर गेला.

वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. "आज लवकर उरकलं तुमचं?" त्यांनी विचारलं. "चहा ठेवू का भाऊजी?"

"नको." तो खुर्ची ओढून बसला. "वहिनी, ते गाणं आहे ना आमचं, मायचं. ते मायचं नाहीच म्हणे."

वहिनींचे हात थांबले. पण क्षणभरच. त्यांनी पुढचा डबा उचलला. "कोण म्हणालं?"

"डेल. ते नुसतं उद्गारवाचक आहे. अरे देवा, अरे बापरे, तसं."

"असेल. तव्याचा चटका बसला की आपण नाही का म्हणत, आई गं! तेव्हा आईला बोलावतो का आपण? आणि म्हटलं तर बोलावतोच. इतकं काय मनाला लावून घ्यायचं त्यात."

बोलणं अगदी तयार होतं. जणू कधीतरी लागेल म्हणून शिजवून फ्रीजरमध्ये ठेवलेलं. प्रताप फार चलाख माणूस नव्हता, पण झील धरणाऱ्याचे कान पक्के असतात, कुठं सूर बेतलेला आहे ते त्याला कळतं.

"दादाला माहीत होतं का?"

वहिनींनी डब्याला आणखी एक कागद गुंडाळला.

"वहिनी."

"होतं," त्या म्हणाल्या. डबा खाली ठेवला. "ती जत्रा नव्हती का मिशिगनमध्ये, ते थोरले टॅगर्ट आले होते? तुमची सेकंड शिफ्ट होती, तुम्ही आला नाहीत. हे त्यांना भेटले. हात मिळवला, म्हणाले, तुमचं आईवरचं गाणं माझा भाऊ आणि मी रोज गातो. ते हसले म्हणे. मोठ्यानं नाही, चांगला माणूस होता. म्हणाले, सन, त्यात आई कुठं आहे? हे घरी आले, दोन दिवसांनी मला सांगितलं."

"कधीची गोष्ट ही?"

"ऊर्मी पोटात होती."

ऊर्मीला आता पस्तिसावं लागणार होतं.

"मी म्हटलं सांगून टाका भाऊजींना, हसतील नि विसरतील. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, त्यानं मायसाठी रडायला तेवढी एकच जागा शोधली आहे, ती मी काढून घेऊ? पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही काढला मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "रागावू नका त्यांच्यावर."

"मी कशाला रागावू?" प्रताप म्हणाला. आणि मग त्याचा आवाज एकदम चढला, त्या घरात तो कधी चढला नव्हता. "त्रेसष्ट वर्षांचा आहो मी वहिनी! मला एक साधा इंग्रजी शब्द कळत नव्हता, नि हे सांगायला दादाला मरावं लागलं? तुम्ही दोघं वरती बसून माझ्या अज्ञानाची काळजी घेत होता, आणि मी खाली रियाज करत होतो!"

"तसं नव्हतं हो ते."

"मग कसं होतं?"

जवळजवळ चाळीस वर्षं ह्या बाईनं दोन भावांचा संसार केला होता. एकाचा नवरा म्हणून, दुसऱ्याचा तो जातो कुठं म्हणून. तिलाही कधीतरी वाटलं असेल की एखादा रविवार तरी आपल्या आवडीचं काही रेडिओवर लागावं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आताही ती डबे गुंडाळायला लागली.

प्रताप खाली आला. संताप होता, लाजही होती, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. ध्रुपदाच्या आधी दादा दर वेळी त्याच्याकडे एकदा बघायचा. डोळ्यांनी म्हणायचा, चल. आणि 'माय' म्हणताना दादाचा आवाज किंचित फुटायचा. सडबरीचा म्हातारा त्या जागेला टोपी काढायचा. प्रतापला वाटायचं, दादाला माय आठवते. पण दादाला तर ठाऊक होतं की ह्या गाण्यात माय नाही. तरी त्यानं शब्द बदलला नाही, सूर बदलला नाही, एकदाही ओठ आवळले नाहीत. खांद्याशी उभ्या धाकट्यासाठी त्यानं त्या गाण्यात माय ठेवली होती, दर आठवड्याला नव्यानं. म्हणजे इतकी वर्षं झील दादाच धरत होता, आणि आपल्याला वाटत होतं आपण धरतोय. प्रतापला आपल्या भावाची फार फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी त्यानं डेलला फोन केला.

"संडेला तू त्या गाण्यात गाऊ नको. नुसता वाजव."

"कडवं तू म्हणणार?"

"मला कडवं येत नाही, डेल. ते दादाचं. मी फक्त ध्रुपद."

"मग कडवं कोण म्हणणार?"

"कुणी नाही. बँडनं नुसतं वाजवायचं. हळू. टॅगर्ट बंधू माइकपाशी आल्यावर वाजवायचे तेवढं."

डेल हाडाचा टॅगर्टभक्त, रेकॉर्डवर आहे तसंच व्हायला हवं असं मानणारा. "लोकांना वाटेल तू शब्द विसरलास, प्रटॅप."

"वाटू दे."

"त्या आईच्या गोष्टीवरून रागावलास का माझ्यावर?"

"नाही रे. तू बरोबर आहेस. तू बरोबर कडवं म्हटलंस तर माझं ध्रुपद खोटं पडतं, एवढंच."

डेलला हे कळलं की नाही कोण जाणे. "ओके," तो म्हणाला. "हळू वाजवू."

रविवारी हॉल निम्माच भरला होता. बसवाली बाई वारली होती, दातांचे डॉक्टर मुलाकडे रेजिनाला गेले होते. सडबरीचा म्हातारा मात्र काठी टेकत आला होता. भिंतीवर टॅगर्ट बंधूंचं जुनं पोस्टर, शेजारी उल्हासचा फोटो, खाली कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली. वहिनी मागच्या रांगेत कोट न काढताच बसल्या होत्या. ऊर्मी आदल्या रात्री ब्रॉसार्डहून गाडी घेऊन आली होती, तिचं लक्ष फोनमध्ये होतं. तिनं तरी काय करावं? उद्या खोकी भरून निघायचं होतं आणि हवामानखातं बर्फाचं सांगत होतं.

डेलनं नाव पुकारलं. 'द चिंच ब्रदर्स' म्हणायचं की एकवचनी म्हणायचं, इथं तो अडखळला. शेवटी म्हणाला, "प्रटॅप." टाळ्या पडल्या. प्रताप पुढं आला आणि सवयीनं माइकच्या डावीकडे उभा राहिला. उजवीकडची जागा मोकळी राहिली. त्याला मधे सरकायला कुणी सांगितलं नाही.

फिडलनं सुरुवात केली, मग बाकीचे आले, आणि लगेच सगळे खाली उतरले. कडवं सुरू झालं आणि कुणीच गाईना. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं दयेनं कडव्याचे पहिले शब्द ओठांनी सांगितले, प्रतापनं मान हलवली. तिला वाटलं आभार मानले. माणूस घरी येत होता, टेकडी काळोखी होती, खिडकीत दिवा नव्हता, हे सगळं त्या रिकाम्या ओळींतून जात होतं आणि प्रताप ते दादाच्या आवाजात ऐकत होता. जिथं दादा दम घ्यायचा तिथं त्यानंही घेतला.

ध्रुपदाच्या तोंडाशी त्यानं उजवीकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. आणि तो वर चढला.

माय, ओ माय.

आवाज चिरकला नाही. उंच आणि पातळ, हॉलच्या छताखाली तो एकटाच हिंडत राहिला. खाली आधार नसला की झील फार विचित्र लागते. तिला तोंड नसतं, शेपूट नसतं, ती कुठून कुठं चालली आहे ते ऐकणाऱ्याला कळत नाही. सडबरीच्या म्हाताऱ्यानं टोपी काढायला हात वर नेला, पण नेमकी जागा न सापडून तो तसाच डोक्यावर ठेवून बसला. पुन्हा कडवं आलं, पुन्हा तेवढंच मोकळं गेलं. पुन्हा ध्रुपद आलं. ह्या वेळी प्रताप मायला हाक मारत नव्हता. आपण कुणाला बोलावतोय ते त्याला चांगलं माहीत होतं, पण तोंडात शब्द तोच येत होता, आणि दुखलं की दुसरा कुठला शब्द येतो?

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, जरा उशिरा आणि जरा जास्तच. डेलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

प्रताप स्टेजवरून उतरून भिंतीकडेच्या टेबलाशी आला. मँडोलिन पेटीत ठेवायची होती. वहिनी जागेवरच होत्या, त्यांनी तोंडाशी रुमाल धरला होता. ऊर्मी उठून त्याच्याकडे आली आणि तिनं त्याला घट्ट मिठी मारली. लहानपणी त्याच्या बेसमेंटच्या पायऱ्यांवर बसून ती होमवर्क करायची, आणि हे दोघे आत गात असायचे. त्याच्या खांद्यावरून डोकं उचलून तिनं डोळे पुसले.

"दॅट वॉज सो ब्यूटिफुल, काका," ती म्हणाली. "विच साँग वॉज इट? हॅव आय हर्ड इट बिफोर?"

प्रतापनं तिच्याकडे पाहिलं. बापाचं कपाळ होतं तिचं.

"तुझ्या बाबांचं आहे," तो म्हणाला, आणि प्रवासासाठी करतात तशा मँडोलिनच्या तारा एकेक करून सैल करायला लागला.